चार अंशांचा चढ

“चढ वाढला की काय रे, निकम?”

रऊफ तांबोळी वळणावर एक पाय टेकवून उभा होता आणि दात काढून माझी वाट बघत होता. मी धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचलो, पण सायकलवरून उतरलो नाही. त्याला तेच तर हवं होतं.

“चढ आहे तेवढाच आहे,” मी म्हणालो.

“बघ बाबा. हार पिशवीत वरच ठेवलाय.”

हा हार फाटक्या ट्यूबांचा. कराडच्या आमच्या सायकल मंडळात तीसेक माणसं होती आणि दर ऑगस्टमध्ये आम्ही घाटातली एक मोठी सफर काढायचो. दमलेला सायकलवाला कधीच म्हणत नाही की मी दमलो. तो म्हणतो, यंदा चढ वाढलाय. जसं काही उन्हाळ्यात कुणीतरी येऊन डोंगराखाली जॅक लावून गेलं. म्हणून रऊफनं नियम काढला: जो ‘चढ वाढला’ म्हणेल त्यानं तो हार गळ्यात घालून कराडपर्यंत यायचं आणि एसटी स्टँडसमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचा. रऊफचं सायकलचं दुकान होतं, फाटक्या ट्यूबांना तोटा नव्हता. दुकानात हारवाल्यांचे फोटो ओळीनं लावलेले होते. त्यात एक वकील, दोन डॉक्टर आणि एक फौजदारसुद्धा होता. माझा फोटो नव्हता. बारा वर्षांत एकदाही नव्हता आणि त्याचा मला माज होता, लपवायचं कशाला.

त्या वर्षी मार्चमध्ये मला कावीळ झाली. दोन महिने अंथरुणात गेले, मांड्यांच्या काड्या झाल्या. सफरीत सगळ्यांच्या पुढं सायकल चालवण्याचा मान, ज्याला आम्ही आघाडी म्हणायचो, तो माझ्याकडं होता. जूनच्या बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं, यंदा आघाडी दुसऱ्या कुणाला द्यावी का? कुणी हो म्हणालं नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. सफरीच्या आधी आठ दिवस दोघांनी जाऊन मार्ग बघून यायचा अशी आमची पद्धत. मी आणि रऊफ निघालो तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की यंदा मार्ग बघायचा नाहीये, निकमचे पाय बघायचे आहेत.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. त्यामुळं मार्गपत्र बनवण्याचं कामही माझ्याकडंच होतं. कितव्या किलोमीटरला वळण, कुठं पाणी, कुठं चढ आणि तो किती, सगळं एका वहीत. चढ मोजायला मी एक यंत्र केलं होतं. फूटभर सागवानी पट्टी, तिच्यावर फळ्यावर वापरतात तो मोठा कोनमापक, मधोमध एक दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला नट. गवंड्याचा ओळंबा असतो तसंच. पट्टी सायकलच्या आडव्या दांडीला बांधलेली. सपाटीवर सायकल उभी केली की दोरा शून्यावर, चढावर उभी केली की दोरा सरकून जितके अंश असतील तितके दाखवणार. सगळे त्याला हसायचे, पण सफरीच्या आदल्या दिवशी मार्गपत्राची प्रत मिळाली नाही तर तेच सगळे माझ्या दारात यायचे.

खांबदऱ्याचा घाट चौदा किलोमीटरचा. हे डोंगर म्हणजे कधीकाळी थरावर थर ओतलेला लाव्हा. काळा कातळ, मग हातभर जाडीचा लाल मातीचा पट्टा, मग पुन्हा काळा कातळ. सांज्याच्या पोळीत सारण दिसतं तसा तो लाल पट्टा रस्त्याच्या कडेच्या कड्यांतून दिसत राहतो. या थरांच्या पायऱ्या झाल्यात आणि एकेका पायरीवर माती साठून तिथं वाड्या वसल्यात. नवव्या किलोमीटरच्या पायरीवर झोरेवाडी होती, गवळी-धनगरांची अकरा घरं. रस्त्याला लागून ठकूमावशी झोरेंची चहाची टपरी. आमच्या प्रत्येक सफरीत तिथं थांबा ठरलेला.

नऊ दिवस धो धो कोसळून पाऊस त्या दिवशी सकाळी थांबला होता. सगळीकडून पाणी ठिबकत होतं, पण पक्षी एकही ओरडत नव्हता. आठव्या दगडाजवळ आम्ही झऱ्यावर बाटल्या भरायला थांबलो. हा झरा दोन कातळांच्या मधून यायचा, बारा महिने काचेसारखा. त्या दिवशी त्याचं पाणी गेरू कालवल्यासारखं लाल होतं.

“पावसानं,” रऊफ म्हणाला.

“दरवर्षी पाऊस असतोच की.”

“मग प्यायचं नाही. पुढं मावशीकडं चहा पिऊ.” तो माझ्या चेहऱ्याकडं बघून हसला. “का रे? काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळं दिसतं, तुला लाल दिसायला लागलं का?”

मीही हसलो. बाटली रिकामीच लावली आणि निघालो.

टपरीच्या आधी एक उजवं वळण आहे. आता नाही, होतं. वळणापासून टपरीपर्यंत साठ-सत्तर पावलांचा सरळ चढ. त्या चढाची माझ्या पायांना ओळख होती. आमच्या सायकलींना रऊफनं पाच गिअर बसवलेले. त्या तुकड्यावर मी नेहमी दुसरा गिअर टाकायचो, मनात वीसपर्यंत आकडे मोजायचो आणि विसाला टपरीच्या बाकड्याशी असायचो. रऊफ पुढं निघून गेला होता. वळणावर रस्त्याला दोन ठिकाणी आडवा, भेगा बुजवल्यासारखा ताजा मुरूम टाकलेला दिसला. विजेचा खांब दरीच्या बाजूला कलला होता आणि त्याची तार सतारीच्या तारेसारखी ताणलेली होती. मी दुसरा गिअर टाकला आणि मोजायला लागलो.

अकरालाच पाय थांबले. पहिला गिअर टाकला. चौदाला सायकल डुगडुगली आणि मी उतरलो. बारा वर्षांत त्या तुकड्यावर मी कधी उतरलो नव्हतो. वर बघितलं, रऊफ टपरीत शिरला होता, त्याची पाठ माझ्याकडं होती. त्यानं बघितलं नाही म्हणून मला इतकं बरं वाटलं की ते आजही आठवतं. उतरण्याला कारण हवं म्हणून मी सायकल सरळ धरली आणि यंत्र बघितलं. नटाला बोटानं थांबवून पुन्हा बघितलं. मग वही काढली, गेल्या वर्षीचं पान उघडलं. तिथं नवव्या किलोमीटरसमोर लिहिलं होतं: चार अंश. यंदाच्या पानावर मी लिहिलं: चार अंश.

सायकल ढकलत दहा पावलं गेलो आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा बसलो, म्हणजे बाकड्यापाशी पोचताना मी सायकलवर दिसलो पाहिजे.

“आलं बगा मास्तर,” ठकूमावशी म्हणाली. “काय वो, वाळला की पार.”

ठकूमावशी साठीची असेल. उंच, काटक, हातभर हिरव्या बांगड्या. चहा देताना ती गिऱ्हाइकाकडं बघत नसे, डोंगराकडं बघत असे. त्या दिवशीही ती तशीच बघत होती, पण चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. तिचा नवरा धाकलू घोंगडं पांघरून टपरीच्या मेढीला टेकला होता. सून हिरा दाराशी बसून ताक घुसळत होती. मुलगा पुण्याला हॉटेलात कामाला होता.

“मास्तर,” मावशी म्हणाली, “ते तुमचं लाकूड सोडा जरा सायकलीचं.”

“कशाला?”

“आमच्या घरात ठिवून बगा. भुई कललीया का सांगा.”

धाकलू हसला. “तीन दिस झालं हिचं ह्येच चाललंय.”

“हसू नगासा,” ती त्याच्यावर डाफरली आणि मग माझ्याकडं वळली. “परातीत पानी घातलं की चुलीच्या अंगाला पळतंय बगा. चाळीस वर्सं त्याच जागंला पीठ मळतीया मी. पानी कदी पळालं न्हाई. म्हशी गोठ्यात शिरंनात, दावं तोडून वरच्या माळाला जात्यात. हिराच्या खोलीचं दार लागंना झालंय.”

“पावसानं लाकूड फुगतं, मावशी,” रऊफ म्हणाला.

“लाकूड फुगंल. पानी फुगतंय व्हय?”

रऊफनं चहाचा घोट घेतला.

“मी म्हनतीया,” मावशी सांगायला लागली, “आज राती समद्यांनी वर सडावाडीला जावावं. शाळंच्या तीन खोल्या रिकाम्या हायत्या, गुरुजी मला म्हनलं बी, या म्हणून. चार दिस ऱ्हाऊ, पानी वसरलं की येऊ. पन ह्यो मानूस ऐकंल तर शपथ. आन ह्यो उठत न्हाई तवर वाडीतलं कुनी उठत न्हाई.”

धाकलूनं घोंगडं सारखं केलं. तो वाडीचा कारभारी होता, त्याचा शब्द अकराही घरांत चालायचा.

“आवं, अकरा घरं, पोरंबाळं, दोन बाळंतिणी,” तो म्हणाला. “भर पावसात कुनाला कशापायी उठवू? हिच्या परातीपायी? माझ्या बापजाद्यांनी ह्यो डोंगर बगितला. त्यो कुटं जातुय?” मग त्यानं माझ्याकडं बोट केलं. “ह्ये मास्तर हायती न्हवं. दरसाल रस्ता मापत्यात, लिवून ठिवत्यात. त्यांनी सांगावं. ते म्हनलं डोंगर हललाय, तर मी आत्ता उठतो. दिवं लागायच्या आत वाडी वर नेतो. सबूद हाय आपला.”

ताक घुसळणं थांबलं. हिरा माझ्याकडं बघत होती. मावशी माझ्याकडं बघत होती.

रऊफनं पेला खाली ठेवला. “सांग की, निकम,” तो म्हणाला. “चढ वाढलाय का?”

आणि डोळा मारून त्यानं पिशवीकडं हात नेला.

मला आजही वाटतं, त्यानं तो प्रश्न दुसऱ्या कुठल्याही शब्दांत विचारला असता तर मी वेगळं बोललो असतो. कदाचित नसतोही. स्वतःची समजूत घालायला माणसाला काहीही चालतं.

“चढ आहे तेवढाच आहे,” मी म्हणालो. “चार अंश. गेल्या वर्षीही चारच होता.”

मी वही काढली आणि मावशीसमोर धरली. आधी गेल्या वर्षीचं पान, मग यंदाचं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एका ‘४’वर बोट ठेवलं, पान उलटलं, दुसऱ्या ‘४’वर ठेवलं. दोन्ही सारखेच दिसत होते. मी चित्रकलेचा शिक्षक, माझे आकडे नेहमीच सुबक यायचे.

“मग पानी?” तिनं विचारलं.

“परात कुठंतरी चेपली असेल, मावशी. बुडाला पोचा आला की पाणी एका बाजूला जातं.”

“चेपली असंल?”

“असेल. बघून घ्या.”

“घरात ठिवून बगत न्हाई?”

“पुढं अजून पाच किलोमीटर जायचंय. पाऊस येईल.”

“झालं समाधान?” धाकलू तिला म्हणाला. “मास्तर बोललं आता.”

ती उठली. आत गेली आणि परात घेऊन बाहेर आली. पितळेची, जुनी, काठाशी झिजलेली. उजेडाकडं धरून तिनं बुडावरून तळहात फिरवला. आम्ही निघालो तेव्हाही ती दारात उभी राहून तेच करत होती.

उरलेले पाच किलोमीटर मी न उतरता चढलो. रऊफनं दोन-तीनदा मागं वळून बघितलं आणि मान हलवली. “पाय आले बरं का तुझे परत,” तो माथ्यावर म्हणाला. “आघाडी तुझीच.” मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला.

सडावाडीच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला एक खोली उघडून दिली. शेजारच्या तीन खोल्यांत सतरंज्या पसरून ठेवल्या होत्या.

“झोरेवाडीची माणसं येणार होती,” गुरुजी म्हणाले. “ठकूबाईनं निरोप धाडलेला. आली नाहीत. वाटेत काही बोलली का तुम्हाला?”

“नाही येणार आता ती,” रऊफ म्हणाला. “निकमनं रस्ता मोजला. सगळं ठीक आहे.”

गुरुजींनी सतरंज्या तशाच राहू दिल्या. अंधार पडायच्या आधी पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावर असा वाजायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मी म्हणालो, अजून उजेड आहे, खाली जाऊन येऊ या का? रऊफनं विचारलं, “कशाला?” मी म्हणालो, असंच. तो कूस बदलून पडला. मीही गेलो नाही.

सकाळी पाऊस थांबला. आठच्या सुमारास आम्ही चेनला तेल घालत होतो आणि पायाखालची फरशी थरथरली. आवाज नंतर आला. ढग गडगडतात तसा नाही, जमिनीतून आल्यासारखा, लांबलचक, आणि तो थांबेचना. गुरुजी हातात खडू घेऊन व्हरांड्यात आले. आवाज संपल्यावर इतकी शांतता झाली की गावातलं कुत्रंही भुंकलं नाही. मग खालून, धुक्यातून, म्हशी वर यायला लागल्या. पंचवीस-तीस म्हशी, एकामागोमाग एक, आणि त्यांच्यामागं कुणी माणूस नव्हतं.

आम्ही सायकली तिथंच टाकून खाली पळालो.

दहाव्या किलोमीटरच्या खाली रस्ता नव्हता. लाल मातीचा एक पट्टा वरच्या कातळापासून खाली दरीपर्यंत गेला होता, ओला, चकचकीत, आणि अजून त्यातून दगड सुटून खाली घरंगळत होते. कलता खांब नव्हता, टपरी नव्हती, झोरेवाडीच्या अकरा घरांतली चार नव्हती. उरलेल्या सात घरांची माणसं पलीकडच्या कडेला उभी राहून नावं घेऊन हाका मारत होती. सडावाडीचे लोक फावडी, पहारी घेऊन आले. आम्हीही मातीत उतरलो. दुपारपर्यंत पाच जण सापडले, एकही जिवंत नव्हता. धाकलू सापडला, हिरा सापडली. दोघं संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत.

दुपारी कुणीतरी पाणी आणलं तेव्हा मी आणि रऊफ एका दगडावर बसलो. त्याच्या दोन्ही हातांची नखं गेली होती.

“निकम,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “काल मला पहिला गिअर टाकावा लागला.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे काय. टपरीखाली. आयुष्यात मी तिथं पहिला गिअर टाकला नाही. छाती फुटायची वेळ आली होती. म्हटलं, आपलं वय झालं. म्हटलं, निकम कावीळ होऊन बिनबोभाट चढतोय आणि आपण काय बोलायचं. आपलाच नियम, आपल्याच गळ्यात हार.” त्यानं तोंडावरून हात फिरवला, सगळं तोंड लाल झालं. “पण तू तर मोजलं होतंस ना रे. चारच होतं ना?”

“चारच होतं,” मी म्हणालो.

सहा होतं. मी दोनदा बघितलं, दोन्ही वेळा सहा. सत्तर पावलांच्या तुकड्यात दोन अंश वाढायचे तर खालचं टोक पुरुषभर खाली जायला हवं, हे शाळेतल्या पोरालाही काढता येईल. मी तेव्हाच काढलं होतं. आणि काढून झाल्यावर स्वतःला सांगितलं, दोरा भिजून ताणला असेल, पट्टी सरकली असेल, पायांत दम नाही म्हणून आपण डोंगरावर ढकलतोय. खरं म्हणजे यातलं काहीही मी तपासलं नाही. त्याच चढावर सायकल उलट्या तोंडानं उभी करायची आणि दोरा दुसऱ्या बाजूलाही तितकाच सरकतो का बघायचं. पाच मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही, कारण तो तितकाच सरकणार हे मला माहीत होतं.

ठकूमावशी जिवंत आहे हे आम्हाला तिसऱ्या प्रहरी कळलं. ओढ्यापलीकडून वळसा घालून तिला शाळेत आणलं होतं. मी गेलो तेव्हा ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर परात होती. पुढं कुणीतरी ठेवलेला चहा निवून त्यावर साय धरली होती. तिच्या शेजारीच, सकाळी टाकून गेलो तिथं, आमच्या सायकली स्टँडवर उभ्या होत्या.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

“तुमी म्हनलासा परात चेपलीया,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता, रडून झालेल्या माणसाचा असतो तसा. “रातभर मला झोप न्हाई. म्हनलं खरंच चेपली असंल तर उगा जीव कशाला जाळा. सकाळच्या पारी वड्याच्या पल्याड बिरोबाच्या देवळाला गेले. त्यो कट्टा दगडी हाय, वर्सानुवर्सं सपाट. त्यावर परात ठिवली आन पानी घातलं.”

तिनं परात मांडीवर सरळ केली.

“पानी सरळ हुबं ऱ्हायलं, मास्तर. जरासुदिक हललं न्हाई. परात नीट हुती. म्हंजी माझी भुईच कललीवती. म्या वळले, ह्यास्नी हाळी घालायला तोंड उगडलं,” तिनं हात वर नेला आणि खाली आणला. “हाळी बाहीर आली का न्हाई ते बी आटवत न्हाई.”

मला रडू येत होतं आणि मी रडत नव्हतो, कारण तिच्यापुढं रडायचा मला काय हक्क होता.

“एक इचारू?” ती म्हणाली.

“विचारा, मावशी.”

“तुमचं लाकूड बिगडलं हुतं न्हवं?”

तिनं तो प्रश्न असा विचारला की त्यात राग नव्हता. उलट, बुडणाऱ्याला वरून दोर टाकावा तसा टाकला होता. माझ्या तोंडाकडं बघत होती, मी तो धरावा म्हणून. मी धरला.

“हो,” मी म्हणालो. “बिघडलं होतं.”

“मंग बरं,” ती म्हणाली आणि तिचे खांदे सैल पडले. “मानसानं केलेली वस्तू, बिगडनारच. म्या आपली सकाळधरनं मनात आनत हुते की मास्तरास्नी ठावं हुतं. पाप लागंल मला.”

तिनं परात मांडीवरून खाली फरशीवर ठेवली. शेजारच्या तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं. का, ते तिलाही माहीत नसेल, हाताला तीन दिवसांची तीच सवय लागली असेल. पाणी हेलकावलं आणि मधोमध स्थिर झालं. काठापासून सगळीकडं सारखं. तिनं मान वर केली तेव्हा माझी सायकल समोरच होती. दोऱ्याचा नट वाऱ्यानं थोडा हलत होता, मग तोही थांबला.

“आत्ता कुटं दावतंय त्ये?” तिनं विचारलं.

बावीस वर्षं मी वर्गात उभा राहिलो होतो. कुणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढंच मला येत होतं. मी वाकलो, दोरा बघितला.

“शून्यावर,” मी म्हणालो.

“म्हंजी काय?”

“म्हणजे इथली जमीन सपाट आहे.”

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. ठकूमावशीनं परातीतल्या पाण्याकडं बघितलं. मग माझ्या लाकडाकडं बघितलं. दोन्ही एकच गोष्ट सांगत होती आणि ती समजायला तिला आकडे वाचता यायची गरज नव्हती. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

ती ओरडली नाही. कुणाला हाक मारली नाही. परात उचलून तिनं पाणी पायरीवरून खाली ओतलं, पदरानं परात पुसली आणि सतरंज्या पसरलेल्या खोलीत निघून गेली. मी सायकल घेऊन खाली उतरलो. रऊफ फाटकाशी होता. त्याच्या पिशवीतला हार मी मागून घेतला आणि गळ्यात घालून दुसऱ्या घाटानं कराडला आलो. त्यानं एका शब्दानं कारण विचारलं नाही आणि स्टँडसमोर फोटोही काढला नाही.